बँकॉकमध्ये थाई जेवण, तेही शाकाहारी आईसोबत

थायलंडला जायचं ठरलं की आपल्याकडे पहिली चर्चा विमानाची किंवा हॉटेलची होत नाही. ती होते 'तिथे खाणार काय?' यावर. एक मावशी सांगते की तिथे सगळ्यालाच माशांचा वास येतो, दुसरी सांगते की इंडियन रेस्टॉरंट सोडून कुठेही पाऊल टाकू नका. थायलंडला जाऊन पाच दिवस पनीर बटर मसाला खाऊन परतलेली कितीतरी कुटुंबं मी ओळखते. मला ते पटत नाही, पण त्यांची अडचण मला समजते, कारण ती आमच्याच घरात आहे.

आम्ही बडोद्याचे. बाबा आणि धाकटा भाऊ बाहेर पडले की सगळं खातात. आई मूळची रत्नागिरीकडची आणि जन्मभर शाकाहारी, अंडंसुद्धा नाही. मे महिन्यात आम्ही चौघं बँकॉकला गेलो. दोन वर्षं कंटेंट रायटिंग करून साठवलेल्या पैशांतून मी घरच्यांना दिलेली ही पहिलीच परदेशवारी. पहिल्याच दिवशी एका फूड कोर्टात 'व्हेज' म्हणून मिळालेल्या फ्राइड राइसच्या तळाशी सुकट निघाली. आईनं आरडाओरडा केला नाही. चमचा खाली ठेवला, पाणी प्यायली आणि पुढचे दोन दिवस फळं, दही आणि घरून आणलेल्या थेपल्यांवर काढले. मला त्याहून जास्त लागलं ते तिचं संध्याकाळचं वाक्य, "तुम्ही जाऊन या, मी रूमवरच बरी आहे." दिवसभर मंदिरं, बोटी, बाजार सगळं एकत्र पाहायचं आणि जेवायच्या वेळी घरातलं एक माणूस खोलीत एकटं बसवून निघायचं, याला कुटुंबाची ट्रिप कसं म्हणायचं?

म्हणून चौथ्या रात्रीसाठी मी साथॉर्न भागातल्या एका चांगल्या थाई रेस्टॉरंटमध्ये टेबल बुक केलं. स्टायलिश, दिव्यांच्या मंद उजेडाचं, थोडं महाग. अनेकांना वाटतं की शाकाहारी माणसाला अशा ठिकाणी नेणं म्हणजे पैसे वाया घालवणं. माझं मत नेमकं उलटं आहे. रस्त्यावरच्या गाडीवर सॉस आधीच मिसळून बाटलीत भरलेला असतो, विक्रेत्याच्या हाताला दम नसतो आणि भाषेचीही अडचण येते. चांगल्या रेस्टॉरंटमध्ये पदार्थ ऑर्डर दिल्यावर बनतो, वाढणाऱ्यांना इंग्रजी येतं आणि मुख्य म्हणजे कुणीतरी आत जाऊन शेफला विचारून येऊ शकतं. तुम्ही जे जास्तीचे पैसे मोजता, त्यात हे विचारणंही आलं.

सीलोम आणि साथॉर्न

बँकॉकला एकच एक 'डाउनटाउन' नाही, पण सीलोम आणि साथॉर्न हे दोन रस्ते आणि नदीपर्यंतचा बांग राक भाग पाहिला की शहराच्या मध्यात आल्यासारखं वाटतं. सीलोम म्हणजे पवनचक्की. कधीकाळी इथे मोकळी शेतं होती यावर आज विश्वास बसत नाही. वरून १९९९ साली सुरू झालेली स्कायट्रेन धावते, बँकांच्या इमारती रांगेनं उभ्या आहेत आणि मधोमध महानाखोन नावाचा ३१४ मीटर उंच टॉवर, त्याचे काही चौकोन कुणीतरी कुरतडून नेल्यासारखा. खाली मात्र फुटपाथवर मोगऱ्याच्या आणि झेंडूच्या माळा विकणाऱ्या बायका बसलेल्या.

याच सीलोम रस्त्यावर मरिअम्मनचं मंदिर आहे. एकोणिसाव्या शतकात इथे आलेल्या तमिळ लोकांनी ते उभारलं. थाई लोक त्याला वात खेक म्हणतात आणि आपल्याइतक्याच श्रद्धेनं, हातात माळा घेऊन रांगेत उभे राहतात. नवरात्रात इथे मोठा उत्सव असतो आणि विजयादशमीच्या रात्री मिरवणुकीसाठी रस्ता बंद करतात. आम्ही जेवायला जाण्याआधी तिथे गेलो. खरं सांगायचं तर तो माझा डाव होता. देवळातून बाहेर पडल्यावर आईचा मूड नेहमी चांगला असतो.

तिथून रेस्टॉरंट चालत वीस मिनिटांवर. साथॉर्नच्या आजूबाजूच्या गल्ल्यांना सोई म्हणतात आणि या सोईंमध्ये जुनी बंगलीवजा घरं अजून टिकून आहेत. त्यातली काही आता रेस्टॉरंट झाली आहेत. सुरासाक स्टेशनजवळच्या शंभर वर्षांहून जुन्या हवेलीतलं ब्लू एलिफंट हे त्यातलं प्रसिद्ध नाव. आम्ही गेलो ते घर त्याहून लहान. सागवानी जिना, गुळगुळीत झालेली फरशी, उंच खिडक्या, अंगणात चाफा आणि पाण्याच्या मातीच्या घंगाळात तरंगणारी कमळं. आत शिरताच थंडगार एसी आणि गवती चहाचा वास. आई दारातच थांबली आणि म्हणाली, "हा तर आपल्या परसातला वास आहे."

बुकिंग करतानाच काय विचारायचं

हे थोडं सविस्तर सांगते, कारण इथेच बहुतेकांची गाडी अडते. थाई स्वयंपाकात मांस न घालता पदार्थ बनवणं अजिबात कठीण नाही. अडचण न दिसणाऱ्या गोष्टींची आहे. पहिली नाम प्ला. नाम म्हणजे पाणी, प्ला म्हणजे मासा. मासे मिठात मुरवून काढलेला हा खारट रस तिथे आपल्या मिठाच्या जागी वापरतात. दुसरी कापी, म्हणजे कोळंबीची आंबवलेली चटणी. ती करीच्या वाटणातच असते, त्यामुळे 'चिकनऐवजी टोफू घाला' म्हटलं तरी करी शाकाहारी होत नाही. तिसरा ऑयस्टर सॉस, जो परतलेल्या साध्या पालेभाजीतही असू शकतो. मी ईमेलवर या तिन्हींची नावं लिहून विचारलं की यांच्याशिवाय कोणते पदार्थ बनतील. नुसतं 'व्हेज मिळेल का?' असं विचारलं तर उत्तर जवळजवळ नेहमी 'हो' येतं.

दोन थाई शब्द लक्षात ठेवा. एक 'मांगसाविरात'. मोठ्यानं म्हणून पाहा, 'मांसविरती' ऐकू येईल. हा शब्द आपल्याच घरचा आहे. यात अंडं आणि दूध चालतं. दुसरा 'जे'. हा चिनी बौद्ध परंपरेतून आलेला आहार आणि तो जास्त कडक. मांस, मासे, अंडी, दूध तर नाहीच, पण लसूण-कांदाही नाही. म्हणजे आपल्या जैन मित्रमंडळींनाही आवडेल असा. जिथे 'जे' मिळतं तिथे पिवळ्या पताकेवर लाल अक्षरं असतात, आणि आपल्याला ती इंग्रजीतल्या १७ या आकड्यासारखी दिसतात. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, साधारण आपल्या नवरात्राच्या सुमारास, नऊ दिवसांचा 'जे' उत्सव असतो. तेव्हा गेलात तर रस्तोरस्ती हे झेंडे सापडतील.

आम्हाला वाढणारी मुलगी माझ्याच वयाची असेल. ईमेलची प्रिंट तिच्या हातात होती. तरीही आईनं ग्रीन करीवर बोट ठेवल्यावर ती "एक मिनिट" म्हणून आत गेली आणि परत येऊन म्हणाली, "मॅडम, ही नको. वाटण सकाळीच तयार झालंय आणि त्यात कापी आहे. तुमच्यासाठी दुसरं काहीतरी करते." मी भाषांतर करून सांगितलं. आईनं तिच्याकडे पाहून मान हलवली, मेनू कार्ड मिटलं आणि मला म्हणाली, "आता हिलाच ठरवू दे." तीन दिवसांत पहिल्यांदा तिचे खांदे सैल झालेले मी पाहिले.

विडा, गोकर्ण आणि कुलिंजन

सुरुवातीला निळंशार सरबत आलं. वरून लिंबू पिळलं की जांभळं होणारं. इन्स्टाग्रामवर तुम्ही पाहिलं असेलच. भावानं व्हिडिओ काढायला फोन सरसावला तोवर आई म्हणाली, "अरे, ही गोकर्णीची फुलं आहेत. महादेवाला वाहतो आपण." खरंच, थाई भाषेत ज्याला आनचान म्हणतात ती आपली गोकर्ण. चवीला तिला फारसं काही नसतं, रंगाचीच मजा.

मग मियांग खाम. माझ्या मते थाई जेवणाची यापेक्षा चांगली सुरुवात नाही. विड्याच्या पानाच्या जातीतलं एक कोवळं हिरवं पान घ्यायचं, त्याचा द्रोण करायचा, त्यात भाजलेलं खोबरं, शेंगदाणे, आल्याचे आणि सालीसकट लिंबाचे बारीक तुकडे, छोटा कांदा, मिरची ठेवायची, वर गुळाचा दाट पाक आणि सगळं एकदम तोंडात. 'खाम' म्हणजे घास. एरवी यात सुकट असते, आमच्या ताटात ती एका बाजूला वेगळ्या वाटीत आली आणि बाबांनी ती निमूटपणे स्वतःकडे ओढली. आईनं पहिला द्रोण इतक्या सफाईनं बांधला की ती मुलगी पाहतच राहिली. विडे लावण्यात आईचा हात कुणी धरू शकत नाही, हे तिला कुठून माहीत असणार!

सोम ताम, म्हणजे कच्च्या पपईची कोशिंबीर. ती उखळीत कुटतात, त्यामुळे प्रत्येकाची वेगळी बनवता येते. शाकाहारी माणसासाठी हा सगळ्यात सोपा पदार्थ, फक्त नाम प्ला आणि सुकट नको म्हणून सांगायचं. चिंच, लिंबू, ताडाचा गूळ, मिरची, शेंगदाणे. थाई जेवणात आंबट, गोड, खारट, तिखट यांचा मेळ साधतात असं प्रत्येक ट्रॅव्हल व्हिडिओत सांगितलेलं असतं. चिंचगुळाची आमटी खाऊन मोठ्या झालेल्या माणसाला त्यात नवल वाटायचं कारण नाही. तिखटाचा मात्र अंदाज घ्या. 'फेत नित नोय' म्हणजे थोडंसंच तिखट. आम्ही ते म्हटलं, तरी भावाच्या डोळ्यांतून पाणी आलं. गंमत म्हणजे मिरची त्यांचीही नाही आणि आपलीही नाही. ती अमेरिका खंडातून निघाली आणि पोर्तुगीजांच्या व्यापाराबरोबर गोव्यात आणि सयामच्या किनाऱ्यावर पोहोचली. आज दोन्हीकडे तिच्याशिवाय पान हलत नाही.

तोम खा हे नारळाच्या दुधातलं सूप. आमच्यासाठी त्यांनी मशरूम घालून, मीठ आणि सोया सॉसवर बनवलं. आईनं वाटीतून एक चकती उचलली, वास घेतला आणि चावून पाहिली. "कुलिंजन," ती म्हणाली. "घसा बसला की आजी चघळायला द्यायची." मला हा शब्दच माहीत नव्हता. मेनूवर 'गलंगल' लिहिलं होतं आणि मी कितीतरी लेखांत ते तसंच लिहिलं आहे. या चकत्या, गवती चहाचे दांडे आणि लिंबाची पानं खायची नसतात, बाजूला काढायची, जसे आपण दालचिनीचे तुकडे काढतो.

आणि मग तुळस.

पॅड क्रापाव हा थायलंडमध्ये घरोघरी, गाडीगाडीवर मिळणारा पदार्थ. लसूण-मिरचीच्या फोडणीत बारीक केलेलं मांस आणि मूठभर क्रापावची पानं. आमच्यासाठी टोफूचा केला होता. थाई स्वयंपाकात तुळशीच्या कुळातली तीन पानं चालतात. होरापा, जिला बडीशेपेसारखा वास असतो आणि जी ग्रीन करीत घालतात. मेंगलाक, लिंबाच्या वासाची, जिचं बी आपल्या सब्जासारखं भिजवून गोडात घालतात. आणि क्रापाव, जी आपल्या अंगणातल्या वृंदावनातली तुळसच. मी हे आईला सांगू की नको या विचारात होते. पण तिनं वासावरूनच ओळखलं.

"तुळस कढईत?" तिचा चमचा हवेतच थांबला. आमच्या घरी तुळशीचं पान तीर्थात असतं, नैवेद्यावर असतं, फार तर सर्दीच्या काढ्यात. फोडणीत कधीच नाही. बाबा म्हणाले, "राहू दे, नको खाऊस." आई काही क्षण बोलली नाही. मग तिनं त्या मुलीला बोलावून विचारायला सांगितलं की तुम्ही हिची पूजा करता का? मुलगी गोंधळली, हसली आणि म्हणाली, पूजा नाही करत, पण माझ्या आईच्या दारात कुंडी आहे, रोज पाणी ती स्वतःच घालते, दुसऱ्या कुणाला तोडू देत नाही. मी सांगितलं. आई म्हणाली, "मग ठीक आहे," आणि तिनं एक घास घेतला. आवडलं का? तिला विचारलं तर अजूनही 'वेगळं होतं' एवढंच म्हणते. दुसरा चमचा घेतला नाही, हेही खरं. काही गोष्टी जिभेच्या पलीकडच्या असतात आणि तिथे जबरदस्ती करू नये.

ताट मधोमध

स्टार्टर, मेन कोर्स असा क्रम थाई जेवणात नसतो. जे तयार होईल ते येतं आणि टेबलाच्या मधोमध बसतं. भात ज्याचा त्याचा, बाकी सगळं सगळ्यांचं. भाताबरोबरच्या या पदार्थांना 'काप खाओ' म्हणतात, म्हणजे शब्दशः 'भातासोबतचं'. आपलं तोंडीलावणं! म्हणून चौघांनी चार करी मागवू नका. एक कोशिंबीर, एक सूप, एक करी, एक परतलेला पदार्थ पुरतो. एकावेळी एक-दोन चमचेच आपल्या ताटात घ्यायचे, ढीग करायचा नाही. चमचा उजव्या हातात, काटा डाव्या हातात, आणि काट्यानं घास चमच्यात ढकलायचा. चॉपस्टिक्स फक्त नूडल्ससाठी. चिकट भात मात्र हातानंच खातात, तिथे आपण उस्ताद.

भावाला पॅड थाई हवं होतं. ते मेनूत होतं, पण त्या मुलीनं त्याला ते उद्या दुपारी रस्त्यावर खायला सुचवलं. पॅड थाई हा तसा नवा पदार्थ. १९३९ साली सयामचं नाव थायलंड झालं, त्या काळातले पंतप्रधान पिबुनसोंगक्राम यांच्या राजवटीत त्याचा राष्ट्रीय पदार्थ म्हणून प्रचार झाला. एका माणसानं एका बशीत, पटकन खायचं ते. सगळ्यांनी वाटून जेवायच्या टेबलावर ते खरंच थोडं एकटं पडतं.

शेवटी आंबा आणि नारळाच्या दुधातला चिकट भात. मे महिना, म्हणजे तिकडचाही आंब्याचा हंगाम. त्यांचा नाम दोक माय आंबा लांबट, पिवळाजर्द आणि बिनरेषेचा. आई खास रत्नागिरीच्या थाटात म्हणाली, "हापूसची सर नाही." आणि अर्धी बशी तिनंच संपवली.

बिल साधारण २,५०० बाट आलं, म्हणजे साडेसहा हजार रुपयांच्या आसपास. एक गोष्ट आधी माहीत असू द्या. अशा रेस्टॉरंटच्या मेनूवर किमतीपुढे दोन अधिकची चिन्हं असतात. त्यांचा अर्थ १० टक्के सर्व्हिस चार्ज आणि त्यावर ७ टक्के व्हॅट वेगळा. छापील किमतीत सुमारे १८ टक्के वाढवूनच हिशोब करा. याच शहरात याच्या कितीतरी पट खर्च करता येतो. २०२५ च्या मिशेलिन गाइडमध्ये तीन स्टार मिळवणारं सोर्न इथेच आहे आणि मुंबईत वाढलेल्या गरिमा अरोरा यांचं 'गा'सुद्धा. २०१८ साली त्या मिशेलिन स्टार मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय महिला शेफ ठरल्या. तिथे जायचं तर बरंच आधी बुकिंग करावं लागतं. कपड्यांचंही बघा, अनेक चांगल्या ठिकाणी पुरुषांना हाफ पँट आणि स्लिपर घालून आत सोडत नाहीत. बाबांना मी त्या दिवशी दुपारीच बूट घालायला लावले होते, त्यावरून ते जेवण होईपर्यंत कुरकुरत होते.

निघताना त्या मुलीनं रेस्टॉरंटच्या कार्डामागे पेननं थाईत चार ओळी लिहून आईच्या हातात दिल्या. 'मी जे खाते. नाम प्ला नको, कापी नको, ऑयस्टर सॉस नको. धन्यवाद.' आईनं ते पर्सच्या आतल्या कप्प्यात, विमानाच्या तिकिटांबरोबर ठेवलं.

दुसऱ्या दिवशी लुम्पिनी पार्कच्या बाहेर एका गाडीवर पपई कुटण्याचा आवाज येत होता. मी पुढे होऊन मोडक्यातोडक्या थाईत काहीतरी बोलणार, तोवर आई माझ्या पुढे गेली होती. तिनं पर्स उघडली, कार्ड काढलं आणि गाडीवरच्या बाईसमोर धरलं. बाईनं ते वाचलं, आईकडे पाहिलं, उखळ पाण्यानं खळखळून धुतली आणि नवी पपई किसायला घेतली.